आधी कॅमेरा की आधी एडिटिंग? छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही महाविद्यालयात शिकता, तुमच्याकडे एक फोन आणि सोबत मिळालेल्या लेन्सचा साधा कॅमेरा आहे, गेले वर्षभर व्हिडिओ पाहून एडिटिंगच्या पुष्कळ युक्त्या तुम्ही शिकलात, आणि तरीही तुमचे फोटो इतर कुणाच्याही फोटोंसारखेच दिसतात. आता छायाचित्रणाचा पाया आधी पक्का करावा की एडिटिंगमध्ये आणखी खोल जावे, आणि ज्याला ‘क्रिएटिव्ह’ म्हणतात ते मुळात शिकता येते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली अनेक वर्षे वस्तूंची आणि व्यक्तींची छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय करतो आणि विद्यार्थ्यांना शिकवतोही. माझे उत्तर असे की, या दोहोंत निवड करूच नये. फोटो काढणे आणि तो एडिट करणे हे दोन स्वतंत्र विषय असल्यासारखे शिकवले जातात आणि तिथेच गाडी अडते. एडिटिंग म्हणजे फोटो काढताना घेतलेल्या निर्णयाचा उत्तरार्ध असतो. पाहणाऱ्याची नजर आधी कुठे जावी, मग कुठे सरकावी आणि चौकटीतला कोणता भाग अंधारात राहिला तरी चालेल, हे ज्याने शटर दाबण्यापूर्वी ठरवलेले नसते, त्याला संगणकासमोर बसल्यावर प्रत्येक स्लायडर थोडाथोडा हलवून पाहण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. मग फोटो सगळीकडे सारखाच उजळतो, सगळीकडे सारखाच धारदार होतो, सगळे रंग सारखेच गडद होतात, आणि तो हजारो फोटोंसारखा दिसू लागतो, कारण त्या हजारो फोटोंवरही नेमके हेच घडलेले असते.

हे नाते संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याच्या तयारीत होते, आणि पुढे ते निगेटिव्हला लिहिलेल्या स्वरलिपीची, तर प्रिंटला तिच्या प्रत्यक्ष वादनाची उपमा देत असत. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या वस्तीवर उगवलेल्या चंद्राचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या घाईत त्यांना प्रकाशमापक सापडला नाही, म्हणून चंद्राची ठाऊक असलेली तेजस्विता आधाराला धरून त्यांनी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, मनातल्या मनात मोजले. निगेटिव्ह एकच होती, पण पुढच्या काही दशकांत त्यांनी तिच्यावरून काढलेल्या प्रिंट एकसारख्या नाहीत: सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात, तर नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळे होत गेले आहे. त्याहीपूर्वी, १८५० च्या दशकात, गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्र आणि आकाश दोन वेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एका प्रिंटमध्ये जोडले होते, कारण त्या काळातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील असत की, समुद्र नीट उमटेल एवढे एक्स्पोजर दिले की आकाश पार पांढरे होऊन जाई. आज दोन एक्स्पोजर मास्कने, म्हणजे चित्राचा हवा तो भाग दाखवणाऱ्या आणि नको तो झाकणाऱ्या पडद्याने, जोडणारा विद्यार्थी तेच काम करत असतो. फरक इतकाच की, ल ग्रे यांना ते का करायचे आहे हे कॅमेरा उभा करतानाच माहीत होते.

म्हणून सुरुवात दिव्यापासून करा. एक साधा टेबललॅम्प घ्या, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि मित्राला भिंतीपासून एक मीटर पुढे बसवा. दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर ठेवला तर तो भिंतीपासून दोन मीटरवर असतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणून भिंत चेहऱ्यापेक्षा दोन स्टॉप गडद दिसते (प्रकाश निम्मा झाला की एक स्टॉप). आता दिवा चेहऱ्याच्या अर्ध्या मीटरवर आणा. भिंत दिव्यापासून दीड मीटरवर, म्हणजे चेहऱ्याच्या तिप्पट अंतरावर गेली आणि तिच्यावर पडणारा प्रकाश चेहऱ्यावरच्या प्रकाशाच्या एक नवमांश झाला. चेहऱ्यावर आता चौपट प्रकाश पडतो, तेव्हा एक्स्पोजर दोन स्टॉपने कमी करा. तीच भिंत तीन स्टॉपहूनही अधिक गडद होऊन मागे सरकते आणि चेहरा एकटा पुढे येतो. दिवा जवळ आल्यामुळे चेहऱ्याच्या तुलनेत तो मोठाही झालेला असतो, म्हणून सावलीची कड किंचित मऊ होते. पार्श्वभूमी गडद करण्यासाठी तुम्ही संगणकावर जो अर्धा तास घालवता, तो दिवा अर्धा मीटर सरकवल्याने वाचतो, आणि केसांच्या कडेला मास्कची खूणही राहत नाही. यानंतर दिवा चेहऱ्याच्या बाजूने थोडा वर न्या आणि अंधारातल्या गालावर उजेडाचा लहानसा त्रिकोण कुठे उमटतो ते शोधा. चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रकाशयोजना हाताने शोधून काढण्यात जी समज येते, ती आकृती पाठ करून येत नाही.

दुसरा सराव मी प्रत्येक विद्यार्थ्याला देतो आणि त्यावर आठवडाभर थांबायला लावतो. तो म्हणजे काचेच्या रिकाम्या पेल्याचा फोटो. पेल्यावर समोरून उजेड टाकलात तर त्यावर दिव्याचे पांढरे डाग उमटतात आणि पेल्याचा आकार मात्र हरवतो. काच स्वतः फारशी दिसतच नाही. तिच्या आजूबाजूला जे असते ते तिच्यातून वाकून आणि तिच्यावर परावर्तित होऊन आपल्याला दिसते. तेव्हा पेल्यावर उजेड टाकणे बंद करा. पेल्याच्या मागे काही अंतरावर पांढरा कागद उभा करा आणि फक्त त्या कागदावर प्रकाश टाका. मग पेल्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, चौकटीच्या अगदी बाहेर, काळ्या पुठ्ठ्याची एकेक पट्टी उभी करा. पट्टी बोटभर आत सरकवली की पेल्याच्या काठावर एक बारीक काळी रेघ उमटू लागते, आणखी सरकवली की ती जाड होते. एखाद्याने टाकाने बाह्यरेषा काढावी तसा पेला पांढऱ्यावर उभा राहतो. आता याच्या नेमके उलट करा: मागच्या उजळ कागदाच्या मधोमध चौकट भरेल एवढाच काळा पुठ्ठा लावा, म्हणजे पार्श्वभूमी काळी दिसेल आणि पुठ्ठ्याच्या बाहेरून येणारा उजेड पेल्याच्या कडांत शिरून त्या पांढऱ्या रेषांनी चमकतील. तोच पेला, तोच दिवा, तोच कॅमेरा, आणि दोन परस्परविरुद्ध चित्रे. फोटो काढण्यापूर्वी पेला मऊ कापडाने पुसून काठाला बोटे न लावता ठेवा. पुसायला लागणारा एक मिनिट वाचवला तर संगणकावर शंभर धूलिकण एकेक करून काढत बसावे लागते, हे मी स्वतः अनेकदा केलेले आहे.

एक्स्पोजरचे गणित तुम्ही वाचले असेलच, म्हणून शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांच्या व्याख्या पुन्हा देत नाही. फाइलच्या आत काय असते ते मात्र समजून घ्या, कारण एडिटिंगला किती वाव आहे हे तिथे ठरते. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने मोजलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या उपलब्ध असतात, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो, त्यामुळे त्या १६,३८४ पैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या सर्वांत उजळ स्टॉपला मिळतात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, आणि असे निम्मे होत होत गडद सावल्यांच्या वाट्याला फार थोड्या उरतात. शिवाय प्रकाश चौपट झाला तर त्यातला नैसर्गिक नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, दुप्पटच होतो, म्हणून भरपूर प्रकाश मिळालेला भाग स्वच्छ दिसतो आणि अंधारात काढून नंतर उजळलेला भाग दाणेदार. याउलट, हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, एकदा पूर्ण पांढरे झाले की तिथे परत आणण्यासारखे काहीच नसते. यावरून व्यवहारातला नियम असा निघतो की, महत्त्वाचे हायलाइट न जाळता शक्य तितके भरघोस एक्स्पोजर द्यावे आणि गडदपणा नंतर आणावा. एक सावधगिरी बाळगा: कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटांचा आलेख, सहसा जेपेग पूर्वदृश्यावरून तयार होतो, त्यामुळे रॉ फाइलमध्ये त्याने दाखवल्यापेक्षा थोडी अधिक जागा शिल्लक असते. ती किती, हे आपापल्या कॅमेऱ्यावर एकाच दृश्याचे अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने वाढवत नेलेले फोटो काढून एकदा तपासून ठेवा.

व्हाइट बॅलन्सबद्दल, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवण्याबद्दल, एवढेच सांगतो की, पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण २७०० ते ३२०० केल्विन आणि दिवसाचा ५५०० केल्विनच्या आसपास असतो, आणि हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर कुठलाही एकच स्लायडर दोन्ही गाल दुरुस्त करू शकत नाही. बल्ब बंद करणे हाच तिथला सर्वोत्तम उपाय आहे.

आता एडिटिंग. फाइल उघडल्यावर लगेच काहीही हलवू नका. डोळे किलकिले करून फोटो पाहा, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे पुंजके तेवढे दिसतात. सर्वांत उजळ पुंजका जर तुम्हाला दाखवायच्या गोष्टीवर नसेल, तर एडिटिंगचे पहिले काम ठरले. रंग फसवतात असे वाटले तर फोटो तात्पुरता कृष्णधवल करून हेच पाहा. मग एका कागदावर एक वाक्य लिहा: ‘हात दिसावेत, मागची खिडकी शांत व्हावी.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर तो फोटो बाजूला ठेवून दुसरा निवडलेला बरा. माझे विद्यार्थी सुरुवातीला या कागदाला कंटाळतात, पण मला एडिटिंग शिकवण्याचा याहून उपयोगी मार्ग सापडलेला नाही.

क्रम साधा ठेवा. आधी चौकट आणि व्हाइट बॅलन्स, मग संपूर्ण फोटोचा एकूण उजेड, मग स्थानिक बदल, आणि शार्पनिंग सर्वांत शेवटी, तेही फोटो अंतिम आकाराला आणल्यानंतर. हत्यारांपैकी एकच नीट शिकायचे असेल तर कर्व्ह, म्हणजे फोटोतल्या छटा उजळ-गडद करणारी वक्ररेषा, शिका. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शॅडो, हायलाइट असे वेगवेगळे स्लायडर जे करतात त्यातले बरेचसे कर्व्ह एकटा करतो, आणि तुम्ही नेमक्या कोणत्या छटेला हात लावत आहात ते त्यात डोळ्यांना दिसते. कर्व्हला इंग्रजी ‘एस’सारखा आकार दिला की कॉन्ट्रास्ट वाढतो, पण त्याबरोबर रंगही भडक होतात. रंग तसेच ठेवायचे असतील तर त्या लेअरचा (फोटोवर ठेवलेल्या थराचा) ब्लेंड मोड, म्हणजे थर खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत, ल्युमिनॉसिटी (फक्त उजेड) करावा.

स्थानिक बदलांसाठी दोन कर्व्ह लेअर करा, एक फोटो उजळणारा आणि एक गडद करणारा, आणि दोन्हींचे मास्क काळे करून टाका, म्हणजे फोटो पुन्हा मूळचा दिसेल. आता मऊ कडांचा ब्रश घ्या, त्याचा फ्लो, म्हणजे एका फिरवणीत उमटणारा रंग, ३ ते ५ टक्के ठेवा आणि पांढऱ्या रंगाने मास्कवर हलकेच हात फिरवा. कपाळावर जिथे उजेड आधीच आहे तिथे तो किंचित वाढवा, जबड्याखालची सावली किंचित दाट करा, मागच्या भिंतीवरचा नजर ओढणारा ठिपका विझवा. एका फिरवणीत काही झाले असे वाटणारही नाही, दहाव्या फिरवणीला चेहरा कागदावरून उठून आल्यासारखा दिसेल. डार्करूममध्ये प्रिंटवर हात धरून प्रकाश अडवायचे आणि छिद्रातून जास्तीचा प्रकाश द्यायचे, त्या डॉजिंग-बर्निंगचेच हे रूप आहे. दर काही मिनिटांनी फोटो लहान करून लांबून पाहा आणि एकदा आडवा उलटवूनही पाहा. ओळखीचे चित्र उलटले की त्यातला असमतोल लगेच जाणवतो. काम झाले की लेअरची अपारदर्शकता शून्यावर नेऊन हळूहळू वाढवा आणि पुरेसे वाटेल तिथे थांबा. ती जागा बहुधा शंभर टक्क्यांच्या बरीच अलीकडे असते.

मॉनिटरबद्दलचा माझा एक अनुभव सांगतो, कारण हीच चूक मी दरवर्षी पाहतो. उमेदवारीच्या काळात मी एका प्रदर्शनासाठी बारा प्रिंट काढून घेतल्या आणि सगळ्या काळवंडलेल्या आल्या. मी छपाई करणाऱ्याला दोष दिला, आणि तो दोष पूर्णपणे माझा होता: अंधाऱ्या खोलीत पडद्याचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून मी फोटो एडिट केले होते, त्यामुळे पडद्यावर जे योग्य दिसत होते ते फाइलमध्ये मुळातच फार गडद होते. प्रिंटसाठी एडिट करताना पडद्याची तेजस्विता ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतकी ठेवण्याची पद्धत आहे. मोजण्याचे उपकरण नसेल तर पडद्यावरचे कोरे पांढरे पान आणि टेबलावरचा, खोलीच्या साध्या उजेडातला पांढरा कागद सारखेच उजळ दिसतील इतपत ब्राइटनेस उतरवा, आणि डोळ्यांना संरक्षण म्हणून पडदा पिवळा करणारी सोय एडिटिंगपुरती बंद ठेवा.

कॅमेरा आणि एडिटिंग एकमेकांत कसे मिसळतात हे शिकायला प्रकाशाने रंगवणे, म्हणजे लाइट पेंटिंग, याच्याइतका चांगला सराव मला माहीत नाही. पूर्ण अंधाऱ्या खोलीत कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवा, फोकस एकदा लावून मॅन्युअल करा, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ आणि शटर दहा सेकंद ठेवा. समोर जुनी सायकल किंवा खुर्ची असू द्या. पहिल्या फोटोत हातातल्या टॉर्चने फक्त चाकावर उजेड फिरवा, दुसऱ्यात फक्त सीटवर, तिसऱ्यात मागून भिंतीवर, चौथ्यात अगदी जमिनीलगत तिरपा, म्हणजे फरशीचा खडबडीतपणा उठून दिसेल. असे दहा फोटो घ्या, पण कॅमेऱ्याला धक्का लागू देऊ नका, शटरसाठी टायमर वापरा. मग हे दहाही फोटो लेअर म्हणून एकावर एक ठेवा आणि वरच्या सगळ्यांचा ब्लेंड मोड लाइटन करा. या मोडमध्ये प्रत्येक ठिकाणी दोहोंपैकी जो पिक्सेल उजळ असेल तोच दिसतो, म्हणून दहा अंधारे फोटो मिळून एक पूर्ण उजळलेले दृश्य तयार होते. आता एकेक लेअर बंद-चालू करून पाहा. तुम्ही प्रकाशयोजना संगणकावर बसून ठरवत आहात, आणि तिचा प्रत्येक किरण खोलीत तुमच्याच हाताने टाकलेला आहे. माझ्या अनुभवात या सरावानंतर विद्यार्थ्याची प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेले एडिट, शोधण्याची सवय आपोआप सुटते. प्रीसेट वाईट असतात असे नाही, पण ते फोटोत काय आहे हे न पाहता चालतात, आणि शिकण्याच्या काळात पाहणे हेच शिकायचे असते.

उपकरणांवर फार वेळ घालवू नका. सोबत आलेला लेन्स पुरेसा आहे. महिनाभर त्याची एकच फोकल लेंग्थ पक्की करून फक्त पायांनी जवळ-दूर व्हा. फोनमध्ये रॉ स्वरूपात फोटो साठवण्याची सोय असेल तर ती वापरा. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे मागचे सगळे स्पष्ट येते, आणि पोर्ट्रेट मोडमधली धूसरता गणिताने तयार केलेली असते. केसांच्या आणि चष्म्याच्या कडा मोठ्या करून पाहिल्यात तर ती कुठे फसते हे दिसेल. सॉफ्टवेअरसाठी पैसे नसतील तर डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिम्प विनामूल्य आहेत, आणि वर सांगितलेले कर्व्ह, मास्क आणि ब्लेंड मोड यांचे काम त्यांतही होते.

त्वचेबद्दल मी आग्रही आहे. मुरूम आठवड्याने जातो, तो काढायला हरकत नाही. तीळ, व्रण आणि सुरकुत्या त्या माणसाच्या आहेत, त्या त्याला विचारल्याशिवाय पुसू नयेत, आणि रोमछिद्रे तर कधीच नाहीत. मजकूर लिहून चित्रात नवे भाग भरणारी साधने आता अनेक सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कल्पनाचित्रात ती वापरा, तसे स्पष्ट सांगा आणि कच्चे फोटो जपून ठेवा. वार्ताचित्र म्हणून दिलेल्या फोटोत मात्र एकही वस्तू वाढवू किंवा कमी करू नका. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत अंतिम टप्प्यात आलेल्यांकडून मूळ फाइली मागवून तपासल्या जातात, आणि ते योग्यही आहे.

‘क्रिएटिव्ह’पणा शिकता येतो का, या प्रश्नाचे उत्तर मी निवडीच्या टेबलाजवळ देतो. एकच विषय घ्या, उदाहरणार्थ काम करणारे हात, आणि दोन महिन्यांत त्याचे तीनशे फोटो काढा. त्यातले चाळीस लहान आकारात छापून जमिनीवर पसरा आणि उचलत उचलत आठ उरवा. काय उचलले आणि का, हे प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तुमच्या लक्षात येईल की तुम्ही एका विशिष्ट प्रकारचा उजेड, एक विशिष्ट अंतर पुन्हा पुन्हा ठेवून घेत आहात. ती तुमची आवड आहे, आणि पुढच्या वेळी कॅमेरा उचलताना ती मुद्दाम शोधता येते. हे आठ फोटो छायाचित्रण न करणाऱ्या दोन माणसांना दाखवा आणि ‘कसा वाटला’ असे न विचारता ‘आधी काय दिसले’ एवढेच विचारा. त्यांचे उत्तर तुमच्या कागदावरच्या वाक्याशी जुळते का ते ताडून पाहा.

मूळ फाइलींच्या तीन प्रती दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, त्यातली एक घराबाहेर असू द्या, आणि एडिट केलेल्या फाइलीही लेअरसकट जपा. सहा महिन्यांनी आज एडिट केलेल्या फोटोंपैकी पाच निवडा, जुनी आवृत्ती न उघडता कच्च्या फाइलीपासून पुन्हा एडिट करा आणि मगच दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा. काय बदलले ते त्याच कागदांवर लिहा, ज्यांवर त्या फोटोंची पहिली वाक्ये लिहिली होती.